कॅमेरा मोजतो, ठरवायचे आपण

समजा, सकाळी दहाच्या स्वच्छ उन्हात तुमचा मित्र शिवनेरीच्या वाटेवर उभा आहे. तुम्ही त्याची दोन छायाचित्रे घेतलीत. एकात त्याच्या मागे उजळ आकाश आहे, दुसऱ्यात काळा कातळ. चेहरा तोच, त्यावरचे ऊनही तेच. तरीही साध्या स्वयंचलित कॅमेऱ्याने घेतलेल्या पहिल्या चित्रात चेहरा काळवंडतो, दुसऱ्यात पांढुरका होतो. असे का व्हावे?

पडणारा आणि परतणारा प्रकाश

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक वस्तूवर पडणारा प्रकाश मोजत नाही. वस्तूकडून परतणारा प्रकाश मोजतो. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परतवणारे आहे, असे तो धरून चालतो. बेसॉल्टचा काळा कातळ याहून पुष्कळ कमी प्रकाश परतवतो. मापकाला वाटते, उजेड कमी आहे! मग तो फिल्मवर जादा प्रकाश सोडतो. आकाशासमोर नेमके उलटे घडते.

म्हणूनच अनेक छायाचित्रकार अ‍ॅपर्चर आणि शटरचा वेग स्वतः ठरवतात. १९५४ साली आलेल्या लायका एम-३ या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात प्रकाशमापकच नव्हता, आणि त्याला बॅटरीही लागत नसे. उलट १९६० च्या दशकातील याशिका इलेक्ट्रो-३५ मध्ये शटरचा वेग यंत्रच निवडी. तो हाताने ठरवण्याची सोय नव्हती.

हाताने ठरवायचे तरी कसे? एक जुना ठोकताळा आहे. आयएसओ १०० ची फिल्म आणि लख्ख ऊन असेल, तर एफ-१६ अ‍ॅपर्चर व सुमारे १/१०० सेकंद. मोकळ्या सावलीत साधारण आठपट प्रकाश हवा, म्हणून तीन पायऱ्या उतरून एफ-५.६. मागे आकाश असो वा कातळ, मित्रावरचे ऊन बदलत नाही. तेव्हा आकडेही बदलायचे नाहीत.

अंतर मोजणाऱ्या दोन खिडक्या

रेंजफाइंडर कॅमेऱ्याला काही सेंटिमीटर अंतरावर दोन खिडक्या असतात. दोन्हींतील प्रतिमा एकावर एक दिसतात. भिंग फिरवून त्या जुळवल्या की वस्तूचे अंतर साधले. हे त्रिकोणमितीचेच गणित! खिडक्यांतील अंतर ७ सें.मी. असेल, तर १ मीटरवरच्या वस्तूसाठी कोन ४ अंश, पण १० मीटरवर अवघा ०.४ अंश. जुळवायला ठळक कडा हवी. लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यातील, म्हणजे चैत्यगृहातील, खांबाची उभी कडा त्यासाठी उत्तम. कोऱ्या भिंतीवर मात्र हे तंत्र फसते.

घाई असेल तेव्हा जुळवण्याचीही गरज नाही. ३५ मि.मी. चे भिंग एफ-८ वर ठेवून ५ मीटरवर लावले, तर सुमारे अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते.

मग स्वयंचलन निरुपयोगी का? मुळीच नाही. आंबेगाव तालुक्यातील भीमाशंकरच्या जंगलात शेकरू उन्हातून सावलीत झेपावते, तेव्हा आकडे बदलायला सवड कुठली? प्रकाशच क्षणाक्षणाला बदलत असेल तर यंत्राची मदत घ्यावी. प्रकाश स्थिर असून केवळ पार्श्वभूमी बदलत असेल, तर निर्णय स्वतःकडे ठेवावा.

करून पहा : एकाच उजेडात काळे कापड आणि पांढरा कागद ठेवा. प्रत्येकाने पूर्ण चौकट भरून, स्वयंचलित पद्धतीने एकेक छायाचित्र घ्या. नंतर आकडे कायम ठेवून पुन्हा घ्या. चारही चित्रे शेजारी मांडा आणि काळे व पांढरे कोणत्या जोडीत खरे उतरले ते वर्गात सांगा.