गर्दीतला पहिला वेगळा माणूस

‘अलिबागसे आया क्या?’ असं मुंबईत कुणी विचारलं, तर त्याला उत्तर नको असतं. समोरचा बावळट आहे, एवढंच त्याला सुचवायचं असतं. अलिबाग तालुक्यातल्या एका रहिवाशाला हे इतकं लागलं, की या वाक्यावर बंदी आणावी म्हणून त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. जुलै २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, त्यात अपमान मानू नये, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

खटला संपला, वाक्य राहिलं. अशी वाक्यं जन्मतात कशी आणि टिकतात का, याचा विचार सामाजिक मानसशास्त्र करतं. चार माणसं आजूबाजूला असली, किंवा नुसती मनात असली, तरी आपलं बोलणं, वागणं, पाहणं बदलतं. ते कसं बदलतं, हा या शास्त्राचा विषय. त्याचे गाजलेले प्रयोग बहुतेक अमेरिकेतल्या विद्यापीठांत झाले. पण त्यांचे धडे गिरवायला रायगडचा किनारा आणि त्याच्या खाड्या पुरेशा आहेत.

साचा आणि त्याचे अपवाद

१९२२ मध्ये वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकाराने मांडलं, की माणूस जग थेट पाहत नाही. डोक्यातल्या तयार चित्रांतून पाहतो. अलिबागचं मुंबईकराच्या डोक्यातलं चित्र असंच तयार आहे. वस्तुस्थिती त्याच्या आड येत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, हे दिसल्यावर चुंबकीय वेधशाळा हलवली ती अलिबागला. १९०४ पासून तिथे नोंदी होत आहेत. आज मांडवा-झिराडकडे बंगला असणं प्रतिष्ठेचं आहे. तरी वाक्य चालूच आहे, कारण साच्यात न बसणारं जे दिसेल ते आपण अपवाद म्हणून बाजूला काढतो आणि साचा जपून ठेवतो.

अलिबागकरही यातून सुटत नाहीत. किनाऱ्यावर वाळूत गाडी रुतवून बसलेला पर्यटक दिसला की ‘या मुंबईवाल्यांना अक्कल नाही’ हे ठरलेलं. तीच गाडी आपल्या भाच्याची असली, तर ‘वाळू भुसभुशीत होती, पाटी कुठे लावलीय?’ परक्याच्या चुकीचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि आपल्या माणसाच्या चुकीचं परिस्थितीत. परक्याला लावलेल्या या मापाला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ‘मूलभूत’ चूक म्हटलं. लग्नातले रुसवेफुगवे, कचेरीतल्या कुरबुरी, सासू-सुनेचे वाद यांतला मोठा भाग या एका चुकीवर उभा असतो.

कुलाब्याची वाट

अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो. किनाऱ्यावरच्या माणसाकडे भरतीचा जुना हिशेब असतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. पर्यटकाकडे हा हिशेब नसतो. तो पुढे पाहतो. पन्नास माणसं पाण्यातून चालली आहेत, म्हणजे वाट सुरक्षित असणार. त्या पन्नासांतल्या बहुतेकांनीही पुढच्यांकडे पाहूनच पाय टाकलेला असतो. पाणी घोट्यावरून गुडघ्यावर आलं तरी मागे फिरायला संकोच वाटतो; बाकीचे चालले आहेत ना!

सॉलोमन अॅश यांनी १९५० च्या दशकात हाच संकोच मोजला. समोर एक रेघ, बाजूला तीन. सारख्या लांबीची कोणती ते सांगायचं. पोरालाही जमेल असं काम. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देत. सुमारे तीन चतुर्थांश माणसांनी निदान एकदा तरी डोळ्यांवरचा विश्वास सोडून गटाच्या सुरात सूर मिसळला. मात्र गटात एक जरी वेगळं बोलणारा ठेवला, की हा दबाव एकदम ओसरे. आपल्याला दिसतं ते आणखी एकाला दिसतंय, एवढा आधार माणसाला पुरतो. या लेखात पुढे जे येणार आहे, त्याची किल्ली या निष्कर्षात आहे.

ठराव होता, पाणी नव्हतं

सावित्री नदीकाठचं महाड. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. तरी तळ्यावर कुणी गेलं नाही. कागदावरच्या नियमापेक्षा ‘इथे असंच चालतं’ हा न लिहिलेला नियम जबर असतो. तो मोडायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतलं आणि मागोमाग हजारोंनी.

थोड्या वेळात गावात आवई उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा बेत नव्हता. पण लाठ्या घेतलेला जमाव परिषदेच्या मंडपावर चालून गेला आणि त्याने परतीच्या तयारीतल्या माणसांना झोडपलं.

आवया का पसरतात, याचा एक मूलगामी अभ्यास भारतातलाच आहे. जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या. धक्का जाणवला पण पडझड झाली नाही, अशा भागात याहून भयंकर संकट येणार असल्याच्या अफवा फिरत होत्या. १९५७ मध्ये लिऑन फेस्टिंगर यांनी त्याचा उलगडा केला: लोक घाबरलेले होते, पण घाबरण्याजोगं समोर काही दिसत नव्हतं, अफवेने त्या भीतीला कारण पुरवलं. महाडची आवई याच चालीने वाचता येते. माणसं पाणी प्यायली, याचा राग उघड सांगायला ओशाळवाणा होता. देऊळ बाटणार म्हटलं की तोच राग धर्मरक्षण ठरला. व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलले जाणारे कितीतरी निरोप आपल्या अशाच रागाला कारणं पुरवत असतात.

त्या दिवशी बाबासाहेबांच्या बाजूला सैन्यातून निवृत्त झालेली माणसं होती. प्रतिकार अवघड नव्हता. त्यांनी आपल्या लोकांना आवरलं. संतापलेल्या गटाने काय करायचं हे अनेकदा पहिला हात ठरवतो. इथे तो थांबवणारा हात होता.

चरीचा संप

अलिबागजवळ खारेपाटातलं चरी. खोतांच्या जमिनी कसणाऱ्या कुळांनी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली ठरवलं, की जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावं त्यात उतरली. संप सुमारे सहा वर्षं चालला. माणसं जंगलातली लाकूडफाटी विकून, मिळेल ती मजुरी करून जगली. १९३४ मध्ये आंबेडकर चरीच्या परिषदेला आले, १९३७ मध्ये त्यांनी खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, आणि १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला.

एवढी वर्षं फूट कशी पडली नाही? असल्या लढ्यात प्रत्येकाला गुपचूप मोह असतो: बाकीच्यांनी सोसावं, मी तेवढं माझं शेत लावतो. पण शेत लपत नाही. कुणाचं रान पडीक आहे आणि कुणाचं लावलंय, हे बांधावरून अख्ख्या गावाला दिसतं. शेजाऱ्याचं पडीक शेत हाच दुसऱ्याचा धीर होता. कुलाब्याच्या वाटेवर जी अनुकरणाची ओढ माणसाला भरतीत नेते, तीच इथे कुळांना एकमेकांशी बांधून ठेवत होती. अनुकरण मुळात वाईट नसतं; पुढे कोण चाललंय आणि कुठे, यावर सगळं ठरतं.

बघे आणि मदतनीस

१९६८ मध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी एका खोलीत धूर सोडला. माणूस एकटा असेल तर चारांतले तीन बाहेर येऊन सांगत. सोबत दोघे ढिम्म बसलेले असले, की दहांत एखादाच उठे. इतर शांत आहेत, म्हणजे काही घडलेलं नाही, असा अर्थ लावला जातो. गर्दी वाढली, की जबाबदारीही वाटली जाते: कुणीतरी फोन केलाच असेल.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. दोन एस. टी. बस आणि इतर वाहनं वाहून गेली. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाच्या लक्षात हे आलं. तो रस्त्यावर आला, येणारी वाहनं थांबवली आणि पोलिसांना कळवलं. त्याच्या आसपास गप्प बसलेली गर्दी नव्हती, हे शास्त्र नोंदवेल. पण रात्री, पावसात, भरधाव गाड्यांसमोर उभं राहण्याचं श्रेय त्याच्याकडून काढून घेता येणार नाही. परिस्थिती माणसाला ढकलते हे खरं, आणि एक माणूस परिस्थिती पालटतो हेही तितकंच खरं.

म्हणून या शास्त्रातून घरी नेण्याजोगं थोडकं असं. निरोप पुढे पाठवण्याआधी विचारावं, की मला राग आधी आला की बातमी आधी आली? बैठकीत सगळे मान डोलवत असतील आणि आपल्याला पटत नसेल, तर एकदा तरी बोलावं. तसंच वाटणारा दुसरा कुणी त्या आधाराची वाट पाहत असतो. आणि किनाऱ्यावर कुणी गटांगळ्या खाताना दिसलं, तर ‘कुणीतरी वाचवा’ म्हणून ओरडू नये. एकाकडे बोट दाखवून म्हणावं, ‘निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही ११२ ला फोन लावा, ताई, तुम्ही होडीवाल्याला गाठा.’ नेमकं काम ज्याच्या अंगावर पडतं, तो बहुतेक वेळा ते करतो.