दुःखाच्या वर्षांतील वेळाअमावास्या

शेतकऱ्याच्या घरीं मृत्यु आला म्हणून ऋतु थांबत नाहीं. नोकरदारास रजा मिळते, दुकानदारास चार दिवस दुकान बंद ठेवतां येतें. परंतु जमिनींतील ओल कोणाचें सुतक पाळीत नाहीं. ही गोष्ट आम्हांस ऐकून ठाऊक होती. सन २०२४ च्या भाद्रपदांत ती अनुभवास आली. ती हकीकत येथें देण्याचा हेतु असा कीं, ज्यांनीं त्या वर्षीं आमचें घर सांभाळिलें त्यांचे उपकार स्मरावे, आणि अशा प्रसंगीं शेजारधर्म कसा असावा याविषयीं आपल्या शेतकरी बंधुभगिनींस चार शब्द सांगावे.

आमचें गांव सोलापूरच्या दक्षिणेस, जेथें एकाच ओसरीवर मराठी व कानडी दोन्ही ऐकूं येतात अशा भागांत आहे. भाद्रपदाच्या वद्य पक्षांत माझे वडील बंधु अचानक निवर्तले. मागें राहिल्या वहिनी, अकरा वर्षांची मुलगी आणि आठ एकर काळी जमीन. प्रस्तुत लेखक नोकरीनिमित्त परगांवीं असणारा. पेरणीस हात लावून त्याला वीस वर्षें झालेलीं.

आपल्या जिल्ह्यांत ज्वारीचें मुख्य पीक रब्बीचें. भाद्रपदांतील पावसानें काळी जमीन भिजते. मग साधारणपणें १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्याभरांत पेरणी उरकावी लागते. पुढें पाऊस येईलच असा भरंवसा नसतो. साठलेल्या ओलीवरच पीक माघ-फाल्गुनापर्यंत उभें राहतें. म्हणून वाफसा हुकला कीं उगवण विरळ आणि कणीस लहान. तेरावा झाला तेव्हां आश्विन लागून चार दिवस झाले होते. वहिनींनीं यंदां शेत पडीक ठेवण्याचें मनाशीं ठरविलें होतें. मजूर आणि ट्रॅक्टर यांस पैसा हवा, आणि बंधूंनीं जन्मांत कोणाचें देणें ठेविलें नव्हतें. त्यांच्या माघारीं पहिलेंच काम उसनवारीचें होऊं नये, एवढाच त्यांचा आग्रह.

दुसऱ्या दिवशीं उजाडतांच बांधावर दोन ट्रॅक्टर व एक बैलजोडी येऊन उभी राहिली. सर्वांच्या पुढें जे गृहस्थ होते त्यांचा व आमच्या बंधूंचा बांधावरून चार वर्षें अबोला होता. त्यांनीं सांत्वनाचा एकही शब्द उच्चारला नाहीं, फक्त "बी कोठें आहे?" एवढेंच विचारिलें. बंधूंनीं मालदांडीचें निवडक बी, एकरीं चार किलो या हिशेबानें बत्तीस किलो, गंधक चोळून डब्यांत भरून ठेविलें होतें. त्यांच्याच हातचें बी त्या दिवशीं मातींत पडलें. गांवानें एकत्र येऊन एकाचें काम एका दिवसांत उरकावयाचें, यास आपण इर्जिक म्हणतों. इर्जिकीस आलेल्यांना घरधन्यानें जेवूं घालावयाचें असतें. त्या दिवशीं मात्र भाकरीही त्यांच्याच घरून आल्या.

पुढें दिवाळी आली. दुःखाच्या वर्षीं घरांत कढई चढत नाहीं, ही रीत सर्वांस ठाऊक आहे. तिची दुसरी बाजू अशी कीं, ज्या घरीं कढई चढत नाहीं त्या घरीं फराळ शेजारून येतो. त्या चार दिवसांत अकरा घरांचे डबे आले. माझी बहीण सासरचा सण टाकून वहिनींच्या सोबतीस राहिली. एक वृद्ध शेजारीण तर कांहीं न आणतां रोज दिवेलागणीस येई, वाती वळीत तासभर बसे आणि उठून जाई. वहिनींनीं बंधूंची हिशेबाची वही काढून तींत हें सर्व टिपून ठेविलें: कोणाचा ट्रॅक्टर किती तास, कोणाची जोडी, कोणाचा डबा. फेड करावयाची तर विसरून चालणार नाहीं, असें त्या म्हणत.

३० डिसेंबर रोजीं वेळाअमावास्या होती. मार्गशीर्षांतील या अमावास्येस आपल्या भागांत, तसेंच लातूर व धाराशिव या जिल्ह्यांत, शेतकरी आपल्या शेतांत कडब्याची कोप उभारून पूजा करितात, आणि इष्टमित्रांस, विशेषतः ज्यांना शेत नाहीं त्यांस, बोलावून भज्जी, बाजरीचे उंडे, खीर व आंबील यांचें जेवण घालितात. यंदां आपल्याकडे कांहीं होणार नाहीं असें आम्हीं धरून चाललों होतों. परंतु वहिनी म्हणाल्या, "घरांत सण करावयाचा नाहीं, तें मला कळतें. पण हा सण शेताचा आहे. या शेताला ज्यांचे हात लागले त्यांना मी कशी विसरूं?"

त्यांनीं वहींतील प्रत्येक नांवास आमंत्रण धाडिलें. मंडळी आली, आणि येतांना आपापल्या घरचें भांडें घेऊन आली. वहिनींस एकटीला रांधावें लागलें नाहीं. ज्वारी कमरेच्या वर आली होती. पिकाभोंवतीं फिरून आंबील शिंपडण्याचें काम बंधूंचें असे. मडकें कोण उचलणार म्हणून क्षणभर सारे थांबले. तोंच मुलीनें तें उचललें, आणि बांधाचे शेजारी तिच्या पाठोपाठ चालूं लागले. जेवणें झाल्यावर वहिनींनीं वही काढून फेडीचा विषय काढिला. ते म्हणाले, "अक्का, हें देणें आमच्याकडे परत आणूं नका. उद्यां दुसऱ्या कोणावर वेळ येईल, तेथें न्या."

तशी वेळ लौकरच आली. सन २०२५ च्या सप्टेंबरांत सीना नदीस महापूर आला. माढा, मोहोळ या तालुक्यांतील नदीकांठचीं गांवें पाण्यांत गेलीं, गोठ्यांतील चारा वाहून गेला, कित्येकांच्या शेतांतील मातीच खरवडून निघाली. आणि दिवाळी महिन्यावर आली होती. वहिनींनीं आमच्या गंजींतून दोनशें पेंढ्या कडबा काढून गांवच्या गाडींत भरून दिला. इर्जिकीच्या दिवशीं पेरलेल्या ज्वारीचाच तो कडबा.

वाचकांस विनंती एवढीच कीं, कोणाच्या घरीं असा प्रसंग आला असतां "कांहीं लागलें तर सांगा" असें म्हणून परत फिरूं नये. दुःखी माणूस सांगत नाहीं. वाफसा आहे कीं गेला, म्हशीची धार कोण काढतें, पाण्याची पाळी कोणत्या रात्रीं आहे, हें आपणच पाहावें आणि तें काम उचलावें. तसेंच ज्याच्या घरीं दुःख झालें आहे त्यानेंही आलेला हात संकोचानें परत लावूं नये.

बांधाचा तंटा अद्याप मिटलेला नाहीं. मोजणी व्हावयाची आहे. परंतु दोन्ही घरचीं माणसें आतां एकमेकांशीं बोलतात. पुढच्या वेळाअमावास्येचें पहिलें आमंत्रण त्यांच्याच घरीं गेलें.