ओकचा शेंडा कोणी खाल्ला?

आयर्लंडच्या मेयो काउंटीत, कासलबारच्या बाहेर थोडी जागा घ्यावी, तिथे ओक, रोवन, हेझल अशी इथली मूळची झाडं लावावीत, आणि पहिला हिवाळा सरताना पाहावं तर निम्म्या रोपांचे शेंडे गायब. सगळे एकच बोलतात: हरणं आली. हा पहिला गैरसमज. मी त्यावर सर्वांत जास्त भर देते, कारण चोर चुकीचा ओळखला तर पुढचा सगळा खर्च मातीत जातो.

खाल्लेली फांदी हातात घेऊन बघा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते डहाळी ओढून तोडतं, त्यामुळे टोक पिंजलेलं दिसतं. सशाला वर-खाली दोन्हीकडे धारदार दात असतात; त्याचा घाव कोयत्याने तिरका छाटल्यासारखा स्वच्छ. गुडघ्याच्या खालीच नुकसान असेल तर संशय सशावर घ्यावा. मेंढीलाही वरचे पुढचे दात नसतात, आणि मेयोत मेंढ्यांना तोटा नाही, तेव्हा तारेला लोकर अडकली आहे का तेही पाहावं. चोर ससाच निघाला तर पाऊण मीटर उंचीची बारीक जाळी पुरते.

हरीण असेल तर मात्र मेंढ्यांचं कुंपण उपयोगाचं नाही. ते मीटर-सव्वा मीटर उंच असतं आणि हरीण ते सहज ओलांडतं. कुंपण १.८ ते २ मीटर हवं, खाली फट नको, फाटकही तेवढंच उंच हवं. खर्चाला घाबरू नका: चौरस जागेची बाजू दुप्पट केली तर कुंपण दुप्पट लागतं, पण जागा चौपट मिळते. चार-दोन झाडांना मात्र रोपाभोवती उभी करायची एकेक संरक्षक नळीच परवडते.

गावाकडे रानडुकरांसाठी शेताभोवती जुन्या साड्या बांधतात, केस पसरतात. तेच इथे करावंसं वाटतं. पण मेयोच्या पावसात वास धुऊन जातो, आणि हलणाऱ्या कापडाची हरणांना लवकरच सवय होते.

‘खाल्लं तरी फुटेल’ हेही अर्धंच खरं. रोप बहुधा मरत नाही. दरवर्षी शेंडा गेल्याने ते झुडूपच राहतं, खोड कधी धरत नाही. दहा वर्षांचा ओक कमरेएवढा पाहिला की जीव तुटतो. रोवन, होली, विलो यांवर हरणं तुटून पडतात. बर्च आणि अल्डर त्यामानाने सुटतात.

हरणं इथली आणि झाडंही इथली, मग निसर्ग तोल सांभाळेल, असं वाटणं साहजिक आहे. पण फॅलो हरणं नॉर्मन लोकांनी आणली, सिका १८६० मध्ये विकलोच्या पॉवर्सकोर्टमध्ये आली. किलार्नीच्या तांबड्या हरणांचे पूर्वजही सुमारे ५,००० वर्षांपूर्वी माणसांनीच आणले, असं संशोधन सांगतं. त्यांना खाणारा लांडगा अठराव्या शतकात संपला. आपल्या जमिनीत आलं म्हणून हरीण मारताही येत नाही; १९७६ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, शिकारीला परवाना लागतो.

नळी लावली की काम संपलं, असंही नाही. अटलांटिकच्या वाऱ्यात नळीला आधार देणारा खुंट कलतो, आत गवत माजतं. दर हिवाळ्यात फेरी मारावी लागते. शेंडा हरणाच्या तोंडाबाहेर गेला तरी घाईने नळी काढू नये, कारण नर कोवळ्या खोडावर शिंगं घासून साल सोलतात. खोड भरलं की मात्र ती कापून घरी आणावी, पाचोळ्यात टाकू नये.