संगणकातील उणिवा आणि कार्यालयांची दक्षता

दिनांक २७ जून २०१७ रोजी जगभर फैलावलेल्या ‘नॉटपेट्या’ या विघातक प्रणालीची झळ नवी मुंबईनजीकच्या न्हावा शेवा बंदरालाही बसली. मर्स्क समूहातील कंपनी चालवीत असलेल्या एका टर्मिनलवरील संगणक बंद पडले आणि कंटेनरची वाहतूक खोळंबली. मर्स्कला जगभरातील सुमारे ४५,००० संगणक नव्याने सज्ज करावे लागले.

ही प्रणाली विंडोजमधील ज्या उणिवेचा लाभ घेऊन पसरली, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच उपलब्ध करून दिली होती. मात्र संगणकात साठलेले पासवर्ड हस्तगत करून ती दुरुस्ती केलेल्या यंत्रांतही शिरू शके. एका यंत्राची हयगय साऱ्या कार्यालयास भोवते, ती अशी.

हीच गोष्ट ब्राउझरची. कार्यालयाचे बाहेरच्या जगाकडे उघडणारे ते दारच होय. त्यात उणीव असेल, तर केवळ एखादे पान उघडल्यानेही घातक प्रणाली आत येऊ शकते. आजचे ब्राउझर दुरुस्ती बहुधा आपणहून उतरवून घेतात. परंतु ते बंद करून पुन्हा सुरू केल्याखेरीज ती लागू होत नाही. दिवसेंदिवस ब्राउझर बंदच न करण्याची सवय म्हणूनच धोक्याची आहे.

दुरुस्ती निघालेलीच नसेल, तर काय करावे? जानेवारी २०१० मध्ये इंटरनेट एक्सप्लोररबाबत असा प्रसंग आला, तेव्हा जर्मनीच्या शासकीय माहिती सुरक्षा संस्थेने नागरिकांना तूर्त दुसरा ब्राउझर वापरण्याचा सल्ला दिला. प्रत्येक कार्यालयात दुसरा, अद्ययावत ब्राउझर तयार असणे यासाठीच हितावह ठरते. रोजचे काम प्रशासकीय अधिकार नसलेल्या खात्यातून करावे, अनावश्यक जोडप्रणाली काढून टाकाव्यात आणि दप्तराची एक प्रत नेटवर्कपासून अलग ठेवावी.

विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, हेही ध्यानी घेतले पाहिजे. अशा उणिवांविषयीच्या सूचना केंद्र शासनाची ‘सर्ट-इन’ ही संस्था वेळोवेळी प्रसृत करते.

ग्रामपंचायतीतील जन्ममृत्यूच्या नोंदी असोत वा शाळेतील विद्यार्थ्यांची माहिती, ती जनतेची ठेव आहे. या सूचना वाचून त्यांची अंमलबजावणी करण्याची जबाबदारी प्रत्येक कार्यालयाने एका व्यक्तीकडे नावानिशी सोपविली, तर उणीव उघड होणे आणि ती बुजविली जाणे यांतील धोक्याचा काळ निश्चितच कमी होईल.