आठाचा नऊ होतो तेव्हा

सहाव्या जॉर्जच्या चांदीच्या रुपयावर 1938 हे साल असेल, तर तो फारशी धडपड न करता मिळतो. साल 1939 असेल तर तोच रुपया दुर्मीळ ठरतो आणि त्याची किंमत कित्येक पटींनी चढते. फरक एका आकड्याचा. आठाच्या खालच्या वाटोळ्याची डावी बाजू बारीक हत्याराने कोरून काढली की नऊ तयार होतो. ही लबाडी जुनीच आहे, पण ऑनलाइन लिलावात तिला मोकळे रान मिळाले. कारण तिथे बोली लावताना हातात नाणे नसते, समोर फक्त फोटो असतो.

अशा रुपयापुढे वजनकाटा निरुपयोगी ठरतो. 1938 आणि 1939 या दोन्ही सालांचे रुपये 91.7 टक्के चांदीचे, 11.66 ग्रॅम वजनाचे. पाण्यात बुडवून घनता मोजली तरी दोन्हींची सुमारे 10.3 येणार. हलक्या धातूची ओतीव नक्कल असती, किंवा 1940 पासूनचा निम्म्या चांदीचा रुपया असता, तर घनता साडेनऊच्या आसपास किंवा त्याहून खाली घसरली असती आणि चोरी उघडी पडली असती. इथे नाणे अस्सल टांकसाळीचे आहे, खोटे आहे ते फक्त साल. त्यामुळे तपास धातूच्या आत करून भागत नाही, तो पृष्ठभागावर करावा लागतो.

नाणे पाडताना धातूची गोल चकती दोन ठशांमध्ये प्रचंड दाबाखाली चेपली जाते. त्या क्षणी थंड धातूही मध्याकडून कडेकडे वाहतो. ठसे वापरात जसजसे झिजतात, तसतशा या प्रवाहाच्या अतिसूक्ष्म रेषा त्यांच्यावर उमटतात आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर उतरतात. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत, त्यांचा परिणाम मात्र दिसतो: नाणे दिव्याखाली कलते करून फिरवले की प्रकाशाचे पट्टे त्याच्याबरोबर फिरतात. संग्राहक याला ‘लस्टर’ म्हणतात. पॉलिशने चकाकी आणता येते, ही फिरती झळाळी आणता येत नाही. माझ्या मते जुन्या नाण्यात जपण्यासारखे सर्वांत मौल्यवान काही असेल तर ते हेच. नक्षी पुन्हा कोरता येते, पण टांकसाळीतला तो क्षण पृष्ठभागावर पुन्हा उमटवता येत नाही.

म्हणून 1939 च्या रुपयाचा फोटो मोठा करून नऊच्या डाव्या खालच्या कोपऱ्याकडे पाहावे. अस्सल नाण्यात आजूबाजूच्या सपाटीचा पोत आकड्याच्या पायापर्यंत अखंड जातो. कोरलेल्या नाण्यात तिथे गुळगुळीत किंवा ओरखडलेला, मंद ठिपका राहतो. शिवाय कोरलेल्या नऊचा बांधा आठाचाच असतो. खात्रीच्या नाण्याचा फोटो शेजारी ठेवला की तो वेगळेपणा जाणवतो.

दर्जा फुगवून सांगण्याची फसवणूक याहून जास्त चालते आणि पकडायला अवघडही असते. आज जगभर वापरली जाणारी 1 ते 70 गुणांची मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंट नाण्यांसाठी मांडली. 60 आणि त्यापुढचे गुण न वापरलेल्या नाण्यांचे. याच शेल्डन यांनी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील चांगले सेंट काढून त्यांच्या जागी हलक्या दर्जाचे ठेवले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झाले. मोजपट्टी टिकली, पण 58 आणि 62 यांच्यामधली सीमारेषा आजही माणसाच्या डोळ्यावरच ठरते आणि विक्रेत्याचा डोळा साहजिकच वर झुकतो.

ती रेषा तपासायला राजाची भुवई, कानावरचे केस आणि मुकुटावरचे उंचवटे पाहावेत. वापरलेल्या नाण्यात झीज तिथून सुरू होते. उंच भाग करडा, निस्तेज होतो आणि खोलगट भागाची झळाळी तेवढी उरते. पण घाई नको. ठसा पुरेशा जोराने बसला नसेल, तरी भुवई पुसट दिसते. मात्र तिथला लस्टर शाबूत असतो. तपशील नाही पण झळाळी आहे, तर दोष टांकसाळीतल्या ठोक्याचा; दोन्ही नाहीत, तर नाणे बाजारात फिरून आलेले.

फोटो नेमका हाच फरक लपवू शकतो. समोरून भगभगीत प्रकाश टाकला की सपाट भाग पांढरा होऊन जातो आणि साफसफाईचे केसाएवढे समांतर ओरखडे त्यात विरून जातात. आपल्याकडे चांदी रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासायची सवय घरोघर आहे. भांड्याला ती चालते, नाण्याचा मात्र पृष्ठभागच खरवडला जातो. आम्लयुक्त द्रावणात बुडवले तर ओरखडे पडत नाहीत, पण काळ्या थराबरोबर चांदीचाही पातळ थर जातो. वरचेवर बुडवलेले नाणे पांढरेशुभ्र दिसते आणि तरी मेलेले वाटते. विक्रेत्याकडे एकाच दिव्याखाली नाणे हळूहळू कलते करतानाचा व्हिडिओ मागावा. तो देण्यास टाळाटाळ झाली, तर बोली न लावलेली बरी.

रंगीत नाण्यांना हल्ली वेगळा भाव आहे, म्हणून रंगही बनवले जातात. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलासारखाच हा रंग प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून येतो आणि थर जाड होत जाईल तसा ठरावीक क्रमाने बदलतो: आधी फिकट पिवळा, मग तांबूस सोनेरी, जांभळा, निळा, हिरवा बऱ्याच उशिरा. पिवळ्याला एकदम हिरवा खेटून आला, मधले रंग गायब असले, तर वर्षानुवर्षांचे काम घाईत उरकलेले असण्याची शक्यता मोठी. नाण्याखालचा पांढरा कागदच फोटोत निळसर किंवा नारिंगी दिसत असेल, तर त्या फोटोतल्या रंगांवर विसंबू नये.

आपल्या भागातल्या रुपयांचा एक खास दोष म्हणजे काढून टाकलेली कडी. अनेक घरांत चांदीचे रुपये हारात ओवले गेले. पुढे कडी तोडून, डाग घासून ते विकले जातात. मुकुटाच्या वरची कडा आणि तिथले कंगोरे आवर्जून पाहावेत. कडेचा फोटोच दिला नसेल, तर तो मागून घ्यावा.

प्लास्टिकच्या सीलबंद डबीतले प्रमाणित नाणे सुरक्षित मानले जाते, पण नकली डब्याही बाजारात आल्या आहेत. डबीवरचा क्रमांक प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो समोरच्या नाण्याशी ताडून पाहावा. क्रमांक खरा आणि नाणे दुसरेच, असेही घडते.

ऑनलाइन लिलावांनी तपासणाऱ्याच्या हातात एक मोठे साधनही दिले आहे: जुन्या विक्रींचे हजारो फोटो. दोन नाणी टांकसाळीतून हुबेहूब निघाली, तरी पुढचे टोले आणि खोका प्रत्येकाला वेगळे मिळतात. गालावरची तीच खोक, त्याच लांबीची, त्याच जागी दोन वेगवेगळ्या रुपयांवर दिसली, तर त्यांचा ठसा एखाद्या वापरलेल्या नाण्यावरूनच घेतलेला असतो आणि त्या नाण्याच्या खोकाही ठशात उतरलेल्या असतात.