गिरणगावातला बौद्ध पंडित आणि त्याचे राजकारण

धर्मानंद कोसंबींनी १९३७ साली मुंबईत परळला बहुजन विहार सुरू केला, तेव्हा वरळीपासून लालबागपर्यंतच्या गिरणगावात राजकीय विचारांचा तुटवडा मुळीच नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपापासून गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा चाळींतून परिचयाचा झाला होता, आदल्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता आणि प्रांतात काँग्रेस सत्तेवर येत होती. अशा गजबजाटात साठीला आलेला एक पालीचा पंडित कामगारांसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी विहार काढून बसतो, याला पुष्कळांनी राजकारणाबाहेरची धर्मसेवा मानले. हा समज पुराव्यावर टिकत नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कोसंबी उतरले होते आणि तुरुंगात गेले होते. त्याआधी हार्वर्डच्या मुक्कामात त्यांनी समाजवादी वाङ्मय आवडीने वाचले होते आणि १९२९ साली लेनिनग्राडला जाऊन सोविएत राजवट जवळून पाहिली होती. ते कोणत्याही एका गोटात सामावले नाहीत, ते राजकारणाच्या कंटाळ्यामुळे नव्हे. प्रत्येक गोटाला ते एकच मोजमाप लावत, आणि त्या मापाला पूर्ण उतरणारा गोट त्यांना सापडला नाही.

हे मोजमाप ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ (१९३५) या पुस्तकात स्पष्ट दिसते. अहिंसा आणि प्रज्ञा या दोन गोष्टी एकत्र नांदल्या तरच समाज सुधारतो, अशी त्यांची धारणा होती. समाजवाद्यांकडे प्रज्ञा आहे: दारिद्र्य कशातून जन्मते हे त्यांना कळले आहे. पण त्यांचा हात शस्त्राकडे जातो. गांधींनी अहिंसेला सामुदायिक बळ दिले, हे तर कोसंबींच्या दृष्टीने बुद्धानंतरचे फार मोठे काम. तरीही त्या बळाला मालमत्तेच्या प्रश्नाची समाजवादी समज मिळायला हवी, असा त्यांचा आग्रह होता. गांधींना प्राणप्रिय असलेल्या गीतेवर त्यांनी जी कठोर टीका केली, ती पाहता त्यांना कोणी गांधीभक्त म्हणू नये. निधनानंतर १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ या पुस्तकात तेच माप आणखी धारदार झाले आहे. जैन तीर्थंकर पार्श्वनाथाने सांगितलेले अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणे) आणि अपरिग्रह (संचय न करणे) हे चार याम, म्हणजे व्रते, श्रमणांनी स्वतःपुरते पाळले आणि राजे-सावकारांच्या आश्रयाने मठ वाढवले, हा आरोप ते स्वतःच्या बौद्ध परंपरेलाही चुकवू देत नाहीत. उलट रशियाने मालमत्तेच्या बाबतीत अस्तेय-अपरिग्रहाची वाट धरली, पण अहिंसा आणि सत्य सोडले. जैन यतींना आणि बोल्शेविकांना एकाच तराजूत घालण्याचे धाडस त्या काळी दुसऱ्या कोणी केले असेल, असे वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप रोकडा आहे. अपरिग्रह सांगणाऱ्याने गिरणगावातला विहार उद्योगपती जुगलकिशोर बिर्लांच्या पैशावर का बांधावा? कोसंबींचे आयुष्य पाहिले तर दात्यापुढे झुकण्याचा त्यांचा स्वभाव दिसत नाही. कलकत्ता विद्यापीठातली चांगल्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची महिना ५० रुपयांची वृत्ती पत्करली, ती महाराष्ट्रात राहून मराठीत लिहिता यावे म्हणून. बिर्लांच्या देणगीनंतरही त्यांचे संपत्तीविषयीचे लिखाण मवाळ झाले नाही. पण एवढ्याने आक्षेप संपत नाही. देणगीच्या इमारतीत धर्म शिकवता येतो, मजुरीचा दर ठरवून घेता येत नाही. ७ नोव्हेंबर १९३८ ला संपावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध आंबेडकर आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला, तेव्हा कामगाराच्या हाती जे साधन आले, ते विहारातून येणारे नव्हते. कोसंबींच्या विचारात संघटनेची जागा रिकामी आहे, हे मान्य करायलाच हवे.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा: विसाव्या शतकातला समाजवाद त्यांनी बुद्धाच्या तोंडी घातला. इथे मात्र कोसंबींची बाजू भक्कम आहे, कारण त्यांची मांडणी ग्रंथांच्या थरांची छाननी करून उभी राहते. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही कथा त्यांनी ‘भगवान बुद्ध’ या चरित्रात नाकारली. ‘सुत्तनिपाता’तल्या ‘अत्तदंड सुत्ता’त बुद्ध स्वतः सांगतो की शस्त्रे धरून भांडणारी माणसे पाहून आपल्याला भय वाटले. त्याला शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याची जोड देऊन कोसंबींनी गृहत्यागाचे कारण माणसामाणसांतल्या कलहात शोधले. हा अन्वयार्थ चुकीचा ठरू शकतो, पण तो आयत्या मतावर रचलेला नाही.

कोसंबींच्या नंतर त्यांचे प्रश्न वेगवेगळ्या वाटांनी पुढे गेले: त्यांचे पुत्र दामोदर यांनी मार्क्सची वाट धरली, आणि रोहिणीच्या पाण्याचा प्रसंग आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) मध्ये पुढे नेला. कोसंबींकडे तो हिंसेच्या उबगाचा प्रसंग आहे. आंबेडकरांकडे तो शाक्य संघाच्या सभेत घडतो: सिद्धार्थ युद्धाच्या ठरावाला विरोध करतो, बहुमत त्याच्या विरुद्ध जाते आणि युद्धात उतरावे लागू नये आणि संघाची शिक्षा कुटुंबावरही येऊ नये, यासाठी तो एक प्रकारचा देशत्याग म्हणून परिव्रज्या पत्करतो. कोसंबींनी रिकामी ठेवलेली संघटनेची जागा आंबेडकरांनी सभा, ठराव आणि मतदान यांनी भरली.