उशिरा रडलेल्या बाळांचे पुढे काय होते?

जन्मताच न रडलेल्या बाळाच्या तोंडावर मास्क धरून पिशवी दाबली जाते. छाती वरखाली होते, बाळ टाहो फोडते आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

पण मेंदूचे काय? इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात १९९१-९२च्या सुमारास जन्मलेल्या अकरा हजारांहून अधिक मुलांची माहिती संशोधकांनी तपासली. २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निष्कर्ष विचारात पाडणारा आहे. श्वास द्यावा लागला, पण नंतर ठणठणीत दिसली, अशा मुलांमध्येही आठव्या वर्षी बुद्ध्यांक ८०च्या खाली असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आढळली. अर्थात, बहुसंख्य मुले सर्वसामान्यच होती. आईबापांनी हे आधी ऐकावे.

भारत, पाकिस्तान आणि झांबियातला अनुभव अधिक आशादायक आहे. मास्कने श्वास दिलेली बहुतेक बाळे पहिल्या वाढदिवसाला वयानुसार वाढत होती. तिथल्या अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्ते दर पंधरवड्याला घरी जाऊन बाळाशी बोलणे-खेळणे पालकांना शिकवत. तीन वर्षांच्या या भेटींनी मुलांच्या विकासात फरक पडला. श्वास द्यावा न लागलेल्या मुलांनाही त्याचा लाभ झाला. एरवी आपल्याकडे मात्र डिस्चार्ज कार्डावर पुढच्या विकास-तपासणीची तारीख अनेकदा नसतेच. ती पालकांनी आवर्जून मागून घ्यावी.